अरुंद रुळांची हौस

आगगाडी म्हटली म्हणजे तिचें अवाढव्यपण आपल्या डोळ्यांपुढें प्रथम उभें राहतें. पुण्याहून मुंबईस जाणाऱ्या गाडीच्या दोन रुळांत ५॥ फुटांचें अंतर असतें. इंग्लंडांत व युरोपांतील बहुतेक देशांत तेंच अंतर ४ फूट ८॥ इंच असतें. परंतु ज्यांचे रूळ एकमेकांपासून अवघ्या २ फुटांवर, किंवा त्याहूनही जवळ येऊन १५ इंचांवर, म्हणजे हातभराहूनही कमी अंतरावर, मांडलेले आहेत, अशा गाड्याही जगांत पुष्कळ आहेत, आणि आज मी बोलणार आहें तें त्यांच्याविषयीं.

अशा गाडीस आपल्याकडे लहानथोर सगळेच ‘खेळण्यांतली गाडी’ म्हणतात. नांव लाडाचें आहे, पण थोडें फसवें आहे. कारण या एका नांवाखालीं दोन अगदीं वेगळ्या कुळांतील गाड्या एकत्र बसविल्या जातात. एक कूळ गरिबीचें. डोंगर फोडावयास पैसा नाहीं, मोठे पूल परवडत नाहींत, माल मात्र खालीं नेलाच पाहिजे. अशा अडचणींतून जी गाडी जन्मास आली ती अरुंद मार्गाची, म्हणजे नॅरोगेजची. तिच्यांत खेळकरपणा मुळींच नव्हता. दुसरें कूळ श्रीमंतीचें. पोटाची विवंचना नसलेल्या एखाद्या गृहस्थाला मोठ्या आगगाडीचा ध्यास लागावा आणि ती सारीच्या सारी आपल्या बागेंत मावेल एवढी करून घ्यावी, अशी जी गाडी ती लघुरूप, म्हणजे मिनिएचर. पहिली ही मोठ्या गाडीची गरीब बहीण, तर दुसरी ही मोठ्या गाडीची तसबीर. गेल्या पाऊणशें वर्षांत मात्र या दोन्ही कुळांचा कारभार एकाच प्रकारच्या माणसांच्या हातीं आला, आणि तीं माणसें म्हणजे हौशी लोक होत. हें कसें घडलें तें ऐकण्यासारखें आहे.

प्रारंभ वेल्सपासून करावा लागतो. वेल्सच्या उत्तर भागांत ब्लायनाय फेस्टिनिऑग नांवाचें एक डोंगरी गांव आहे. तेथें पाटीचा दगड निघतो. तो चिरून त्याचे पातळ तुकडे घरांच्या छपरांवर घालीत. हा दगड पोर्थमडॉग बंदरापर्यंत आणण्यासाठीं १८३६ सालीं सुमारें १३॥ मैलांचा लोहमार्ग सुरू झाला. रुळांतील अंतर २ फुटांहूनही किंचित् कमी. खाणी उंचावर, बंदर खालीं, आणि सबंध मार्गाला एकसारखा उतार दिलेला. तेव्हां दगडानें भरलेल्या वाघिणींची माळ आपल्याच वजनानें घरंगळत समुद्राकडे येई. ब्रेक सांभाळणारीं माणसें तेवढीं तिच्यावर बसलेलीं असत. त्याच माळेच्या जोडीनें निराळ्या डब्यांत घोडे उभे असत. ते आरामांत चारा खात खालीं येत आणि मग रिकाम्या वाघिणी ओढीत पुन्हां डोंगर चढत. घोडा आगगाडींत बसून प्रवास करतो हें ऐकून हंसूं येतें, पण याहून काटकसरीची योजना शोधून सांपडणें कठीण.

इतक्या अरुंद रुळांवर वाफेचें एंजिन चालवितां येणार नाहीं, असें त्या काळीं पुष्कळ जाणत्या लोकांचें मत होतें. चार्ल्स स्पूनर या एंजिनियरानें १८६३ सालीं जॉर्ज इंग्लंड यांच्या कारखान्यांतून लहान एंजिनें आणवून तें खोटें ठरविलें. १८६५ पासून उतारूंची ने-आण सुरू झाली, आणि १८६९ सालीं रॉबर्ट फेअर्ली यांच्या रचनेचें ‘लिटल वंडर’ हें एंजिन आलें. हें एंजिन म्हणजे पाठीला पाठ लावून उभे केलेले जणूं दोन भाऊ. दोन्ही टोकांस एकेक धुराडें, मध्यें भट्टी, आणि खालीं चाकांचे दोन स्वतंत्र गाडे. वळण आलें म्हणजे प्रत्येक गाडा आपापल्या परीनें वळे. १८७० सालच्या आरंभीं तेथें जे प्रयोग झाले ते पाहावयास रशियापासून निरनिराळ्या देशांचे एंजिनियर वेल्सच्या त्या कोपऱ्यांत येऊन उभे राहिले.

आपल्याकडे याआधींच, १८६२ सालीं, बडोद्याच्या गायकवाड सरकारनें डभोईपासून मियागामपर्यंत २॥ फुटी मार्ग घातला होता. परंतु त्याचे रूळ इतके हलके होते कीं एंजिनाचा भार त्यांना पेलवेना. म्हणून पुष्कळ वर्षें त्या गाड्या बैलांनीं ओढल्या. वेल्समध्यें घोडे आणि गुजराथेंत बैल. मार्गाच्या कल्पनेंत फारसा फरक नव्हता.

रूळ जवळ आणल्यानें एवढें काय साधतें, असें कोणी विचारील. जमीन कमी लागते, स्लीपर आंखूड होतात, हें तर उघडच आहे. पण खरी गोम वळणांत आहे. आगगाडीचीं दोन चाकें एकाच आंसावर पक्कीं ठोकलेलीं असतात. बैलगाडीच्या चाकांप्रमाणें एकानें सावकाश व दुसऱ्यानें जलद फिरावें अशी सोय तेथें नाहीं. वळणावर बाहेरच्या चाकाला आंतल्यापेक्षां जास्त अंतर काटावें लागतें, आणि मग एक चाक रुळावर घासत, किंचाळत जातें. रूळ जितके जवळ, तितका हा फरक कमी. म्हणून अरुंद मार्ग अधिक आवळून वळवितां येतो. वळण आवळतां आलें म्हणजे डोंगर न फोडतां त्याच्या कडेकडेनें जातां येतें, दरी न ओलांडतां तिला वळसा घालतां येतो. डोंगराशीं भांडावयाचें नाहीं, त्याची समजूत घालीत वर चढावयाचें, हा नॅरोगेजचा स्वभाव आहे. आणि प्रवासाला जी मौज येते ती याच स्वभावामुळें येते. दार्जिलिंगची गाडी १८८१ सालीं पुरी झाली ती याच रीतीनें.

या शास्त्राचा एक महत्त्वाचा अध्याय आपल्या बार्शीस लिहिला गेला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे इंग्रज एंजिनियर जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरींत हिंदुस्थानांत आले होते. त्यांचें म्हणणें असें कीं, मार्ग किती भक्कम पाहिजे हें गाडीच्या एकंदर वजनावर ठरत नसून एकेका आंसावर किती भार येतो यावर ठरतें. तेव्हां एंजिन असो कीं वाघीण असो, कोणत्याही आंसावर ५ टनांहून अधिक भार येऊं द्यावयाचा नाहीं. एंजिन जड करावयाचें असेल तर त्याला चाकें जास्त द्यावीं. असें केलें म्हणजे यार्डाला ३० पौंड वजनाचे हलके रूळ पुरतात. बार्शीसाठीं बनविलेलीं एंजिनें व डबे त्यांनीं प्रथम इंग्लंडांत लीड्सजवळ न्यूले येथें तात्पुरते रूळ घालून जाणत्या लोकांना चालवून दाखविले, आणि १८९७ सालीं कुर्डूवाडी ते बार्शी हा २॥ फुटी मार्ग सुरू झाला. तो पुढें पंढरपूर, लातूर आणि १९२७ सालीं मिरजेपर्यंत पोंचला. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या याच गाडीनें चंद्रभागेच्या तीरीं उतरल्या.

बार्शीचा धडा मग उलट इंग्लंडांत गेला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नसते. १९०४ सालीं स्टॅफर्डशायरांत लीक अँड मॅनिफोल्ड हा मार्ग कॅलथ्रॉप यांच्याच देखरेखीखालीं निघाला. रुळांतील अंतर तेंच, २॥ फूट. एंजिनांना पुढें हिंदुस्थानी थाटाचे मोठाले दिवे, डब्यांना फिकट पिवळा रंग. आणि ही गाडी वाहात होती काय, तर मुख्यतः दूध. हिरव्या कुरणांतून जाणाऱ्या त्या गाडीचें माहेर सोलापूर जिल्ह्यांत होतें. मोटारी आल्या, दूध रस्त्यानें जाऊं लागलें, आणि १९३४ सालीं मार्ग बंद झाला. आतां त्या जागीं पायवाट आहे. (कॅलथ्रॉप यांच्या डोक्याला मात्र स्वस्थता ठाऊक नव्हती. पुढें त्यांनीं वैमानिकांचे जीव वाचविण्यासाठीं ‘गार्डियन एंजल’ नांवाची हवाई छत्री तयार केली.)

माथेरानच्या गाडीविषयीं येथें दोनच शब्द सांगतों. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनीं ती नेरळापासून वर चढविली व १९०७ सालीं ती सुरू झाली. वळणें अतिशय आवळलेलीं आणि चढ कोठें कोठें २० फुटांस १ फूट. असल्या वाटेसाठीं जर्मनींतून चार एंजिनें आणविलीं. त्यांचे पहिले व शेवटचे आंस एका पोकळ आंसाच्या आंत बसविलेले होते. त्यामुळें टोंकाचीं चाकें वळणावर थोडीं बाजूस सरकूं शकत आणि मधल्या चाकांना ओढाताण होत नसे. या चार एंजिनांची आठवण राहूं द्यावी. त्यांच्याकडे पुन्हां यावयाचें आहे.

आतां दुसऱ्या कुळाकडे वळूं. डर्बीशायरांत सर आर्थर हेवुड नांवाचे एक जमीनदार होते. धाकट्या भावंडांना बसावयास म्हणून त्यांनीं तरुणपणीं ९ इंची गाडी केली होती. पण तींत माणूस बसला कीं ती कलंडावयास पाहे. तेव्हां १८७४ पासून त्यांनीं डफील्ड बँक येथील आपल्या आवारांत १५ इंची मार्ग घालावयास सुरुवात केली. माणसाला निर्धोकपणें वाहून नेण्यास याहून कमी अंतर चालावयाचें नाहीं, असा त्यांचा सिद्धांत होता. एंजिनें त्यांनीं स्वतःच्याच कारखान्यांत बनविलीं. जेवणाचा डबा केला, झोंपावयाचा डबा केला. हें सारें ऐकून आपणांस वाटेल कीं गृहस्थ खेळत होता. त्यांना मात्र तसें वाटत नव्हतें. मोठ्या इस्टेटींना आणि लष्कराला हा स्वस्त मार्ग उपयोगी पडेल अशी त्यांची खात्री होती. लष्करानें तो घेतला नाहीं. एका ड्यूकनें तेवढा आपल्या वाड्यापर्यंत कोळसा नेण्यासाठीं १८९६ च्या सुमारास करून घेतला. उपयोगासाठीं जिवापाड मेहनत केलेली वस्तु शेवटीं करमणुकीच्या कामीं आली, आणि ज्यांनीं ती त्या कामीं लाविली ते नॉर्दॅम्प्टनचे खेळणीं विकणारे व्यापारी बॅसेट-लोक आणि त्यांचे एंजिनियर हेन्री ग्रीनली. १९०५ सालीं त्यांनीं ब्लॅकपूलच्या वाळूवर १५ इंची गाडी धांवविली. १९१५ सालीं कंबरलँडमधील रॅव्हनग्लास ते एस्कडेल हा बंद पडलेला, पूर्वीं लोखंडाची माती वाहणारा ७ मैलांचा मार्ग त्यांनीं घेतला आणि सुमारें ३ फुटांचे जुने रूळ उखडून तेथें १५ इंची रूळ घातले. गरिबीचें कूळ आणि श्रीमंतीचें कूळ येथें प्रथम एकमेकांच्या घरांत आलें.

मोठें एंजिन लहान करणें म्हणजे चित्र लहान करण्यासारखें सोंपें नाहीं. एंजिनाची लांबी, रुंदी व उंची प्रत्येकीं एकतृतीयांश केली तर त्याचा पृष्ठभाग नवव्या हिश्शावर येतो, परंतु वजन आणि बॉयलरमधलें पाणी सत्ताविसाव्या हिश्शावर जातें. म्हणजे पाण्याच्या मानानें बाहेरचा पत्रा तिप्पट झाला. उष्णता त्यांतून भराभर निघून जाते. पाणीही थोडें, म्हणून तें पाहतां पाहतां खालीं उतरतें. मोठ्या एंजिनाचा ड्रायव्हर जेथें निश्चिंतपणें विडी ओढील, तेथें लहान एंजिनाच्या ड्रायव्हरला पाण्याच्या कांचेवरून नजर काढतां येत नाहीं. शिवाय माणूस कांहीं एकतृतीयांश होत नाहीं. त्याचे गुडघे, त्याचें पोट, त्याची टोपी हीं सगळीं तशींच राहतात. म्हणून ग्रीनली यांनीं युक्ति केली ती अशी: १५ इंच हें मोठ्या मार्गाच्या पाव हिश्शाहून थोडेंच जास्त, पण एंजिन त्यांनीं तिसऱ्या हिश्शाचें केलें. रुळांच्या मानानें तें थोराड झालें, परंतु त्यामुळें त्याला ताकदही आली आणि ड्रायव्हरला बसावयास जागाही झाली. नुसत्या तसबिरीचें असें होत नाहीं. ती चालवावयाची असेल तर तिच्यांत थोडी लबाडी करावीच लागते.

या रचनेचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण केंट परगण्यांतील रॉम्नी, हाइथ अँड डिमचर्च हा मार्ग होय. मोटारशर्यतींचे नादी असे दोन धनाढ्य तरुण, कॅप्टन हॉवी आणि काउंट लुई झ्बोरोव्स्की, यांनीं तो मनांत आणला. काउंटनें दोन एंजिनांची मागणी कारखान्याकडे नोंदविली, आणि १९२४ च्या ऑक्टोबरांत मॉन्झा येथील शर्यतींत त्यांची मोटार आपटून ते ठार झाले. एंजिनें पुरीं झालीं तेव्हां त्यांना रूळच नव्हते. हॉवी यांनीं तीं घेतलीं, त्यांच्यासाठीं जागा शोधली, आणि १९२७ च्या जुलैंत मार्ग खुला केला. पुढल्या वर्षीं तो डंजनेसच्या दीपगृहापर्यंत गेला. एकंदर १३॥ मैल, त्यांतील मोठ्या भागावर जाण्याचे व येण्याचे रूळ वेगवेगळे, सिग्नल, स्टेशनें, सारा थाट मोठ्या मार्गाचा. दुसऱ्या महायुद्धांत या समुद्रकांठीं शत्रु उतरण्याची धास्ती होती, तेव्हां याच रुळांवर लष्करानें चिलखती गाडी फिरविली. हेवुड यांचा लष्करी उपयोगाचा हट्ट त्यांच्या मागें असा पुरा झाला. पुढें कित्येक वर्षें गांवचीं मुलेंही या गाडीनें शाळेस जात. तीं तिला खेळणें म्हणत असतील असें मला वाटत नाहीं.

याहून लहान गाड्या घराच्या परसांत धांवतात. लंडनमध्यें १८९८ पासून निघणाऱ्या ‘मॉडेल एंजिनियर’ या नियतकालिकानें कारकून, शिक्षक, दुकानदार असल्या सामान्य लोकांना घरच्या लेथवर वाफेचें एंजिन करावयास शिकविलें. १९२० नंतर ‘एल्. बी. एस्. सी.’ या टोपणनांवानें लिहिणाऱ्या एका लेखकानें दाखवून दिलें कीं, अवघ्या २॥ इंची रुळांवरील कोळशाचें एंजिन पुरुषभर माणसाला ओढून नेऊं शकतें. त्यावरून जो वाद माजला तो तेथें अजून आठवतात. अमेरिकेंत चित्रपटांचे निर्माते वॉल्ट डिस्ने यांनीं १९५० सालीं आपल्या घराभोंवतीं सव्वासात इंची मार्ग घातला व एंजिनाला पत्नीचें नांव दिलें. १९५३ सालीं वाफेनें एका लहान मुलीला भाजलें, तेव्हां त्यांनीं तो बंद केला. वाफ लहान भांड्यांतली असली तरी ती वाफच असते. त्यांच्या डिस्नेलँडमध्यें १९५५ सालीं जी गाडी सुरू झाली ती मात्र चांगली ३ फुटी आहे.

आतां जी गोष्ट सांगावयाची आहे ती या सर्वांहून वेगळी आहे. वेल्सच्या किनाऱ्यावर टाउइन नांवाचें लहान शहर आहे. तेथून टॅलिलिन रेल्वे नांवाचा २ फूट ३ इंचांचा मार्ग १८६० नंतरच्या वर्षांत डोंगरांतील पाटीच्या दगडाच्या खाणीसाठीं निघाला. १९११ सालीं खाण व मार्ग दोन्ही सर हेन्री हेडन जोन्स यांनीं विकत घेतलीं. १९४६ च्या अखेरीस खाण ढांसळून बंद पडली. गाडीला वाहावयास कांहीं उरलें नाहीं. पण आपण जिवंत आहों तोंवर गाडी चालूं ठेवूं असें सर हेन्री यांनीं सांगितलें होतें आणि तें त्यांनीं पाळलें. ब्रिटनमधील रेल्वे सरकारनें ताब्यांत घेतल्या तेव्हां हा मार्ग यादींतून वगळला गेला, इतका तो क्षुल्लक. जुलै १९५० मध्यें सर हेन्री वारले.

त्यापूर्वीं असें झालें म्हणजे काय होई, तें डेव्हनमधील लिंटन ते बार्नस्टेपल या मार्गानें दाखविलें होतें. १९३५ सालीं तो बंद झाला. लोकांनीं हळहळ केली, शेवटच्या गाडीस गर्दी केली, आणि मग रूळ व एंजिनें मोडींत विकलीं गेलीं. हळहळणारांत कमी कोणी नव्हतें. पण आपण स्वतः कांहीं करावें हें कोणाला सुचलें नव्हतें, कारण रेल्वे चालविणें हें कंपनीचें किंवा सरकारचें काम, असाच सर्वांचा समज होता.

टॅलिलिनच्या वेळीं तें सुचलें. रोल्ट नांवाच्या एका लेखकानें पुढाकार घेऊन ११ ऑक्टोबर १९५० रोजीं बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलांत सभा बोलाविली. सभेला जमलेल्यांनीं ठरविलें कीं, मंडळी स्थापावी, वर्गणी जमवावी आणि गाडी आपणच चालवावी. कारकुनानें, डॉक्टरनें, विद्यार्थ्यानें सुटींत यावें आणि रेल्वेचें काम करावें. आणि तेंही फुकट! हें वेडेपण वाटावें असेंच होतें. मार्गाची स्थिति म्हणाल तर रूळ गवतांत बुडालेले, स्लीपर कुजलेले. गवताच्या मुळ्यांनींच रूळ जागच्या जागीं धरून ठेविले आहेत असें पाहणाराला वाटे. दोन जुन्या एंजिनांपैकीं ‘डॉलगॉक’ हें १८६६ सालचें एकच एंजिन कसेंबसें चालत होतें. शेजारचा कॉरिस मार्ग १९४८ त बंद पडला होता, आणि योगायोगानें त्याच्या रुळांतील अंतरही २ फूट ३ इंचच होतें. त्याचीं दोन एंजिनें मंडळीनें प्रत्येकीं २५ पौंडांस विकत घेतलीं. पण त्यांतील एकाच्या चाकांच्या धांवा अरुंद, आणि इकडे रूळ तर जागोजाग फांकलेले. त्यामुळें तें एंजिन मधल्यामध्यें खालीं उतरून बसे. तरी १४ मे १९५१ रोजीं पहिली गाडी सुटली. स्वयंसेवकांनीं चालविलेली जगांतील ही पहिली जुनी आगगाडी. आणि ती अद्याप चालू आहे.

जें एकानें केलें तें दुसऱ्यांना धीर देऊन गेलें. फेस्टिनिऑगचा मार्ग १९४६ सालीं बंद पडला होता. तो १९५५ पासून थोडा थोडा सुरू झाला. मध्यें एका वीजप्रकल्पाच्या जलाशयांत मार्गाचा कांहीं भाग गेला. हौशी लोकांनीं कोर्टांत वर्षांनुवर्षें कज्जा केला, आणि तो चालूं असतांनाच १९६५ पासून कुदळी-फावडीं घेऊन डोंगराच्या अंगानें नवा मार्ग खणावयास घेतला. पाण्याच्या पातळीच्या वर चढावयाचें म्हणून त्यांनीं त्यांत रुळांचा एक पूर्ण फेरा घातला, मार्गानें स्वतःलाच पुलावरून ओलांडावें असा. १९८२ सालीं गाडी पुन्हां ब्लायनायला पोंचली. रॅव्हनग्लासचा मार्ग १९६० च्या लिलावांत हौशी लोकांनीं वांचविला. टॅलिलिनवर गार्डाचें काम करावयास आलेल्यांत ऑड्री नांवाचे एक पाद्री होते. मुलांसाठीं बोलक्या एंजिनांच्या गोष्टी लिहिणारे ते हेच, आणि १९५५ पासून त्यांच्या पुस्तकांत टॅलिलिनचीं एंजिनें वेगळ्या नांवांनीं वावरूं लागलीं. लिंटनचा मार्गसुद्धां, मोडल्यावर जवळजवळ सत्तर वर्षांनीं, एका स्टेशनाभोंवतीं थोडासा पुन्हां घातला गेला.

या सर्वांवर एक आक्षेप घेतात, आणि तो अगदींच पोकळ नाहीं. दगड वाहण्यासाठीं निघालेली गाडी आतां फक्त गाडी पाहावयास आलेल्यांना वाहते. तेव्हां ही रेल्वे कसली, हें तर रेल्वेचें नाटक, असें कांहीं जण म्हणतात. अर्धे मान्य. उतारूंना कोठें जावयाचें नसतें हें खरें. परंतु एंजिन त्या नाटकांत भाग घेत नाहीं. त्याला खरा कोळसा आणि खरें पाणी लागतें. गाडी सुटण्याच्या तीन-चार तास आधीं कोणी तरी थंड भट्टींत लांकडें पेटवावीं लागतात; बॉयलर हळूहळू तापवावा लागतो, घाईनें तापविला तर पत्रे ताणले जाऊन सांधे गळूं लागतात. धुराड्यांतील काजळी, आंसांचें तेल, भट्टीच्या कोणत्या कोपऱ्यांत फावडें रितें करावयाचें, चढ येण्यापूर्वीं किती आधीं आग वाढवावयाची, हें पुस्तकांत लिहितां येतें पण पुस्तकावरून येत नाहीं. म्हाताऱ्या फायरमननें शेजारीं उभें राहून ‘आतां’ म्हणावें लागतें. ब्रिटनमध्यें साधारण दर दहा वर्षांनीं एंजिन पूर्ण सोडवून बॉयलरची तपासणी करावी लागते, आणि त्या कामाला लागणारे हात दुसऱ्या कोणत्याही कारखान्यांत आतां तयार होत नाहींत. संग्रहालयांतील रंगविलेल्या एंजिनापाशीं वस्तु राहते. विद्या राहते ती या मार्गांवर. फेस्टिनिऑगच्या कारखान्यानें २०२३ सालीं फेअर्ली पद्धतीचें दोन धुराड्यांचें एक नवें एंजिन बाहेर काढलें, ही गोष्ट मला त्यांच्या कोणत्याही जुन्या एंजिनाहून मोलाची वाटते.

मात्र त्यांचा मार्ग पुढें सरळ आहे असें समजूं नये. वेल्समधील ज्या मोठ्या खाणीचा कोळसा या एंजिनांना मानवत असे, ती २०२३ सालीं बंद झाली. परदेशाहून आणलेला कोळसा महाग पडतो. कृत्रिम वड्यांचे प्रयोग चालले आहेत, पण त्यांची आंच वेगळी आणि राखही वेगळी. पहिल्या पिढींतील स्वयंसेवकांनीं लहानपणीं वाफेच्या गाड्या रोजच्या व्यवहारांत पाहिलेल्या होत्या. आज जो वीस वर्षांचा मुलगा फावडें हातीं घेतो त्याला ती आठवण नाहीं. त्याला ओढून आणणारें दुसरें कांहीं तरी असलें पाहिजे. तो येतो आहे, एवढें खरें.

आपल्याकडे काय झालें, असें आपण विचाराल. बार्शीची रेल्वे १९५४ सालीं सरकारनें घेतली. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या आगेंमागें तिचे भाग एकामागून एक रुंद मार्गांत बदलले. मिरज-पंढरपूर-लातूरच्या लोकांना त्यामुळें थेट गाड्या मिळाल्या, आणि ज्यांना रोज प्रवास करावयाचा आहे त्यांनीं दुसऱ्यांच्या हौसेपायीं हळू गाडींत बसावें असें म्हणणें मला तरी न्यायाचें वाटत नाहीं. पण दोनशें मैलांपैकीं एखादा पांच मैलांचा तुकडा, एक जुनें एंजिन आणि रविवारीं तें पेटवावयास येणारे दहा जण इतकें आपल्याला जमविता आलें नाहीं, हेंही खरें.

छंद मात्र आपल्याकडे नाहीं असें नव्हे. पुण्याच्या पेशवे पार्कांतील ‘फुलराणी’ १९५६ पासून मुलांना फिरवीत आली आहे. कोथरुडांत कै. भाऊसाहेब जोशी यांनीं उभारलेलें लघुरूप रेल्वेचें संग्रहालय १९९८ पासून खुलें आहे. मोठ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या गाड्या तेथें विजेवर चालतात, सिग्नल पडतात, फाटक लागतें, आणि लहान मुलांना दाखविण्याच्या निमित्तानें आलेले वडीलच जास्त वेळ उभे राहतात. माथेरानची गाडी पावसानें दरडी कोसळल्यामुळें वारंवार खंडित झाली व पुन्हां सुरू झाली. मोटार दस्तुरी नाक्याच्या पुढें जात नसल्यानें तिला तेथें अजून खरें काम आहे. वाफ मात्र १९८० नंतर गेली आणि डिझेल आलें.

मघाशीं सांगितलेल्या त्या चार जर्मन एंजिनांपैकीं एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयांत आहे, आणि एक समुद्रापार फिरत फिरत इंग्लंडांतील हौशी लोकांच्या ताब्यांत गेलें आहे. त्यांतलें एखादें पाहावयास कोणी गेलें तर धुराड्याकडे व घंटेकडे मागाहून पाहावें. आधीं खालीं वांकून पहिल्या आणि शेवटच्या चाकांच्या मधोमध पाहावें. तो पोकळ आंस तेथें आहे.